आतल्यांचं गाणं

थाप पडली तेव्हा मिरवणूक अजून कोपऱ्यावरच अडकलेली होती, पण हे ओफेलिया ब्राकामोन्तेला नंतर कळलं. त्या क्षणी तिला एवढंच वाटलं की आज मंडळी वेळेवर आली. मिरवणूक काढणाऱ्या समितीची मंडळी वेळेवर आली, याचंच खरं तर तिला आधी नवल वाटायला हवं होतं. चर्चच्या बाजूच्या दारामागे, अरुंद बोळात, दिवे मालवून ती आणि तिची आतली माणसं उभी होती. टूसॉनची कोरडी थंडी दाराच्या फटीतून पायांवर येत होती, आणि तिथूनच रस्त्यावरच्या दिव्याचा अंधुक उजेड. पोसादाची रीत साधी असते. नाताळच्या कथेतले मारिया आणि होसे दारोदार निवारा मागत फिरतात. बाहेरचे गाऊन मागतात, आतले गाऊन नाही म्हणतात. पहिलं दार नाही म्हणतं, दुसरंही नाही म्हणतं, तिसरं उघडतं, आणि मग सगळे आत शिरून वाफवलेले तामाले खातात. ओफेलियाचं दार पहिलं. तिथे उघडणं गाण्यातच नव्हतं.

“ताई,” बाहेरून आवाज आला, “दार उघडता का? लेकरू आहे बरोबर.”

बोललेलं होतं, गायलेलं नव्हतं. ओफेलियाला बरंच वाटलं. मारिया झालेली दंतवैद्याची मुलगी इतके दिवस नाकात गात होती, आणि पास्टर लॉवेलनी आदल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं की चालीत अडकू नका, आपापल्या शब्दांत मागा, मनापासून मागा. पोरीनं मनावर घेतलं म्हणायचं. आवाजाला खरखर होती, श्वास तुटत होता, आणि ‘लेकरू’ म्हणताना ती जी थांबली ते तर शिकवून येत नाही. ओफेलियानं हात वर केला. हात वर गेला की आतल्यांनी सुरू करायचं, हे तिचंच वळण. शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून आलेलं. आतल्यांनी सूर लावला: घर आमचं लहान, जागा नाही कुणाला, पुढचं दार बघा. मग तोच आवाज अगदी दाराला तोंड लावून म्हणाला, “मला सांगितलंय, इथे ठेवून घेतात म्हणून.” आत कुणीतरी फिसकन हसलं. “रडणं जरा जास्तच होतंय,” बर्ट्राम कुजबुजला. बर्ट्राम हा निवृत्त विमा एजंट, आतल्यांमधला सगळ्यात भरदार आवाज. ओफेलियानं त्याला डोळ्यांनी दटावलं आणि दुसरं कडवं उचललं. मागणारी इतकं जीव ओतून मागतेय, तर नाही म्हणणाऱ्यांनी मागे का राहावं? त्या दिवशी ते इतकं सुंदर नाही म्हणाले की तिच्या अंगावर काटा आला. दारापलीकडे काहीतरी घासल्यासारखं झालं. मग पावलं लांब गेली.

आणि मग, बराच वेळ गेल्यावर, दारावर धडाधड थापा पडल्या, गाढवाच्या घंटा वाजल्या, आणि दंतवैद्याची मुलगी नाकात गायला लागली.

ओफेलियाचा हात वर गेला. तोंड उघडलं. आवाज आला नाही. बाकीच्यांना कळलंही नाही, ते गात राहिले.

यंदा मुळात आत राहायला कुणी तयारच नव्हतं. दरवर्षी पोसादा म्हणजे सीमेपलीकडच्या सोनोरातून आलेल्या आजूबाजूच्या घरांचा घरगुती मामला असायचा. यंदा तो समितीनं घेतला होता. शहरातली सात-आठ चर्चं, एक सिनागॉग, मौन धरून प्रार्थना करणारे क्वेकर, असे सगळे मिळून खासदाराकडून लेखी वचन घेणार होते, की सीमेवर आलेल्या माणसाला माणसासारखं वागवणारा कायदा करू. त्यासाठी रोज संध्याकाळी फलक, मेणबत्त्या आणि च्युई बोहोर्केसचं गाढव घेऊन चालायचं. गाढवाचं नाव सिनेटर. ते रस्त्याच्या मधोमध थांबलं की कुठल्याच पक्षाच्या सांगण्यानं हलत नसे. चालायला सगळे तयार होते. सगळ्यांना वाटसरू व्हायचं होतं. घर नसलेलं व्हायचं होतं, आणि त्यासाठी ज्याच्या त्याच्याकडे चांगल्यातले बूट होते. दार लावणारा व्हायला एकही माणूस पुढे येईना. शेवटी ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना आत बसवलं आणि ओफेलियाला त्यांच्या डोक्यावर. मग समितीच्या अध्यक्ष मार्जरी इन्स्कीप बाईंनी नकाराच्या कडव्यांवर हरकत घेतली. “नाही म्हणायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या, “पण समजून घेऊन म्हणावं. आम्हाला तुमची अडचण कळते, आम्ही तुमच्याबरोबर आहोत, असं काहीतरी.” सिनागॉगच्या रब्बाय लिंडाउअर हातातली पेन्सिल फिरवत म्हणाल्या, “मार्जरी, असलं पत्र सरकार आधीच पाठवतं.” यावर क्वेकरांनी मौन पाळलं. ओफेलिया म्हणाली, की नकार नीट झाला नाही तर दार उघडण्यात गोडी राहत नाही. हे तिच्या आजीचं वाक्य. सीमेवरच्या नोगालेसला, कुंपण अजून तारेचं होतं तेव्हा, आजी अंगणातल्या पोरांची वाटणी करायची आणि मोठ्या गळ्याची म्हणून ओफेलियाला नेहमी आत ढकलायची. आत अंधार. बाहेर मेणबत्त्या, सावल्या, ओळखीचे आवाज दाराआडून अनोळखी होऊन येणारे. एका वर्षी तिची खात्रीच पटली होती की बाहेर मेलेली माणसं आहेत, मामा, मावशी, सगळी, आणि दार उघडलं तर ती आत येतील आणि आपल्याशी नेहमीसारखं बोलतील. ती किंचाळली नाही. जोरात गायली. आजीनं तिचे गाल कुरवाळले आणि म्हणाली, बघा, ही पोरगी कशी नाही म्हणते.

तामाले वाटून झाल्यावर तिनं पास्टर लॉवेलना बाजूला घेतलं. ते उंच, वाकलेले गृहस्थ. कुणाचंही दुःख ऐकताना त्यांची मान आधीच तिरपी व्हायची.

“पास्टर, आधी कुणीतरी येऊन गेलं. खरंच. बाई होती. मूल होतं.”

“तुम्ही पाहिलंत?”

“दार बंद होतं ना.”

“हं.” मान आणखी तिरपी झाली. “असेल तर फार वाईट झालं, ओफेलिया. नसेल तर बरंच.”

मार्जरीबाईंनी तिथल्या तिथे समितीला उभ्या उभ्या बोलावलं. आतल्या एकेकाला विचारलं. आपण गायलो, असं कुणीच कबूल करेना. एक म्हणाला, मी नुसते ओठ हलवत होतो. एक म्हणाली, माझ्या कानातलं यंत्र तेव्हा बंद होतं. ‘रडणं जास्त होतंय’ म्हणणाऱ्या बर्ट्रामला आठवत होतं ते एवढंच, की आपला खर्ज छान लागला होता. त्यानं तो फोनवर टिपूनही ठेवला होता. लावला. आतल्यांचं पहिलं कडवं आलं, स्वच्छ, गोड. मग विराम. विरामात काही नाही. कुणाची तरी धाप, बहुतेक बर्ट्रामचीच. मग दुसरं कडवं. ओफेलियानं फोन हातात घेऊन कानाला लावला, परत परत लावला. जिथे त्या बाईनं ‘इथे ठेवून घेतात’ म्हटलं होतं, तिथे कापडासारखी सपाट शांतता होती, आणि त्या शांततेनंतर इतके सगळे आवाज एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून नाही म्हणत होते. बाहेरचं काढून टाकलं की कसं दिसतं ते तिला दिसलं. कुणी न विचारताच माणसं उभी आहेत आणि नाही म्हणतायत.

“म्हणजे नव्हतंच कुणी,” मार्जरीबाई म्हणाल्या. पण त्या प्रामाणिक होत्या, त्यांना झोप आली नसती. तेव्हा ठराव झाला: येत्या सभेत त्या बाईसाठी, ती असल्यास, क्षणभर शांतता पाळावी, आणि बाजूच्या दारावर दोन भाषांत सूचना लावावी, की गाणं चालू असताना खरोखर निवारा हवा असल्यास कृपया कार्यालयाच्या वेळेत यावं. सूचना लावायला च्युई शिडी घेऊन गेला. “बाई,” तो ओफेलियाला म्हणाला, कारण तिनं त्याला चौथीत पट्टीनं मारलं होतं आणि तेव्हापासून तो तिला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे, “माझं गाढव त्या कोपऱ्यावर का थांबलं माहितीये? कुणीतरी समोरून गेल्यासारखं बघत होतं. गाजर दाखवलं तरी मान वळवेना.”

“आधी का नाही सांगितलंस?”

“गाढवाची साक्ष समिती कशी घेणार?”

पुढचे दिवस ओफेलिया दिवसाउजेडी हिंडली. बसथांब्यावर बाकांखाली बघितलं. कपडे धुवायच्या दुकानात यंत्रांच्या गोल काचांसमोर बसलेल्या बायकांचे चेहरे बघितले. नन्सच्या अन्नछत्रात रांगेत उभी राहिली, तर कुणीतरी तिच्याच हातात सूपचा वाडगा दिला. ती ज्या बाईला शोधत होती तिचा चेहरा तिला माहीत नव्हता, त्यामुळे सगळ्याच बायका ती असू शकत होत्या, आणि एकदा हे सुरू झाल्यावर थांबेना: पेट्रोलपंपावर काच पुसणारी, बँकेतली, सिग्नलला शेजारच्या गाडीत ओठ रंगवणारी. सगळ्या तिच्याकडे बघून दार लागल्यासारख्या वळायच्या. चर्चमधली एक जुनी खोली तिनं उघडून बघितली. तिच्या तरुणपणी याच खोलीत सीमेपलीकडून आलेली माणसं महिनोनमहिने राहिली होती. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, चर्चला त्याचा अभिमान आहे, माहितीपत्रकावर तो छापतात. खोलीत आता फलक ठेवलेले असत. ‘परक्याला घरात घ्या’ असे, एकावर एक, छतापर्यंत. माणूस आत शिरायचं म्हटलं तर आडवं होऊनसुद्धा शिरता आलं नसतं.

घरी आईची खोलीही तशीच झाली होती. आई गेल्यापासून तिच्या पलंगावर देवदूतांचे पंख, मेंढपाळांच्या काठ्या, तीन राजांचे मुकुट. रविवारी भाचा फेर्मिन जेवायला यायचा, सीमा-गस्तीचा हिरवा गणवेश घालून, कामावरून थेट. कमरेचा पट्टा काढून तो फ्रिजवर ठेवायचा. मावशी आणि भाचा पाऊस, गुडघे आणि मेनुदोच्या रश्शातलं मीठ यांवर बोलायचे. आपली आत्या, आपला आजा कुठल्या वाटेनं इकडे आले, हे त्यालाही ठाऊक होतं. त्या रविवारी तिनं विचारलं, “मूल घेतलेली एखादी बाई दिसली का रे तुम्हाला, इकडे, गावात?” फेर्मिन चमचा थांबवून तिच्याकडे बघत राहिला. “तिया,” तो मावशीला म्हणाला, “हे मला नको विचारूस. मी उत्तर दिलं तर तुला वाईट वाटेल, आणि मी ‘का विचारतेस’ म्हटलं नि तू उत्तर दिलंस तर मला कामाला लागावं लागेल.” मग त्यानं आणखी मीठ मागितलं.

शेवटच्या संध्याकाळी खासदाराचा साहाय्यक येणार होता, वचनावर सही घेऊन. कॅमेरे मुख्य दाराशी लागले. गर्दीसाठी आणि सिनेटरसाठी मार्जरीबाईंनी पोलिसांना कळवलं होतं; दोन गाड्या निळे-लाल दिवे फिरवत दाराशी उभ्या राहिल्या आणि त्या दिव्यांत पास्टर लॉवेलचा चेहरा कधी संताचा तर कधी संशयिताचा दिसत होता. ओफेलिया आतल्यांना घेऊन बोळात उभी राहिली. तिनं त्यांना समजावलं, की आज आधी ऐकायचं. ते हो म्हणाले. दिवे मालवले. तिला स्वतःच्या कानात रक्त वाहिल्याचं ऐकू येत होतं, आणि त्यापलीकडे, मिरवणूक अजून लांब असताना, दारावर थाप पडली. तीच. हलकी, बोटांच्या पेरांची.

ओफेलियानं ‘थांबा’ म्हणून हात वर केला.

हात वर गेला तसे ते गायला लागले.

“गप्प, गप्प रहा,” ती म्हणाली, पण बर्ट्रामचा खर्ज वर होता आणि मधेच तुटायचं नाही, बाहेरून कुणी काहीही म्हटलं तरी कडवं पुरं करायचं, हे तिनंच त्यांच्याकडून महिनाभर घोटून घेतलं होतं. तिनं दाराचा दांडा ढकलला आणि बाहेर पडली. दार तिच्यामागे आपोआप लागलं. मागे चोरी झाल्यापासून त्याला बाहेरून मूठ नव्हती.

पायरीवर कुणी नव्हतं. गाड्या लावायच्या पटांगणाच्या टोकाला, मेस्किटच्या झाडाखाली, एक बाई पाठमोरी चालली होती. खांद्यावर शालीत झोपलेलं मूल. “थांब गं,” ओफेलिया म्हणाली. बाई थांबली, घाबरून नाही, थांबायची सवय असल्यासारखी. तरुण होती, आणि तिच्या चेहऱ्यात खरोखर शोधण्यासारखं काही नव्हतं. कुठेही दिसला असता असा चेहरा.

“त्या दिवशी तूच आली होतीस ना?”

“इथे? हो. मग बाप्तिस्तांच्या चर्चकडे गेले. त्यांच्याकडे गिटार होतं.” तिनं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “मग ते मोठं, घंटेचं चर्च आहे ना, तिथे. तिथे लहान पोरं होती, पंख लावलेली. चांगलं गातात हो. आधी मला वाटलं मलाच काहीतरी झालंय. या गावात दार वाजवलं की आतून गातात.”

ओफेलियाला हसू आलं. सबंध डिसेंबरभर, सबंध शहरात, दिवेलागणीला, दारादाराआड माणसं अंधारात दबा धरून बसलेली, कुणी थाप मारतंय का म्हणून, नाही म्हणायला. “दिवसा का नाही आलीस?”

“दिवसा मी दिसते.”

“चल, मुख्य दारानं जाऊ. आज तिथे उघडणार आहेत. सगळ्यांना आत घेणार आहेत.”

बाईनं भिंतीवर फिरणाऱ्या निळ्या-लाल उजेडाकडे बघितलं. “तिथे पोलीस आहेत.”

“ते गाढवासाठी आहेत गं.”

“ते कुणासाठी आहेत हे मला कसं कळणार?”

ओफेलियानं तिचा हात धरला, तो गार होता, आणि तिला परत बाजूच्या दाराशी आणलं. मूठ वळून सगळ्या ताकदीनं दार ठोकलं. “बर्ट्राम, उघड. मी आहे, ओफेलिया. ती सापडली. माझ्याबरोबर उभी आहे.”

आत हशा झाला. “बाई बाहेर जाऊन परीक्षा घेतायत आपली,” बर्ट्राम म्हणाला, दाराआडून त्याचा आवाज जरा मेलेल्या माणसाचा वाटत होता.

“परीक्षा नाही. नाटक नाही हे. देवाशपथ.”

“बघा,” आतली कुणीतरी कौतुकानं म्हणाली, “आपापल्या शब्दांत.”

आणि त्यांनी सूर लावला. ओफेलिया हातानं दार ठोकत होती आणि तिचा कान, तिला न विचारता, ऐकत होता. आज पहिल्यांदाच सगळ्यांनी एकदम श्वास घेतला होता. कुणी घाई करत नव्हतं. ‘पुढचं दार बघा’वर त्यांनी आवाज हळूहळू असा लहान केला, जसं कुणी दूर जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत गावं, आणि हे तिनं त्यांना शिकवलेलंही नव्हतं. बाहेरून हे इतकं सुंदर ऐकू येतं, हे तिला साठ वर्षांत माहीत नव्हतं. तिचा हात ठोकता ठोकता कधी थांबला ते तिला कळलं नाही. मुख्य दाराकडून गाढवाच्या घंटा आणि टाळ्या ऐकू आल्या.

“चला बाई,” ती तरुण बाई म्हणाली. “यांचं लवकर संपत नाही.”

दोघी मेस्किटखाली आल्या. मूल झोपेत कण्हलं. बाईनं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि, वेळ विचारावी तसं, विचारलं, “तुमचं घर जवळच असेल?”

घर चार गल्ल्या सोडून होतं. पर्स आत राहिली होती, पण जास्तीची किल्ली निवडुंगाच्या कुंडीखाली होती. आईचा पलंग. पंख उचलून कोपऱ्यात ठेवायचे, मुकुट कपाटावर, की झालं, चादर स्वच्छच होती. ओफेलियाला सगळं दिसलं: बाथरूममधला दिवा, दूध तापवायचं भांडं, मुलाचे मोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले. मग रविवार दिसला. फ्रिजवरचा पट्टा. फेर्मिन थांबवलेल्या चमच्यासह आईच्या खोलीच्या दाराकडे बघतोय. शेजारच्या खिडकीतला पडदा. पास्टर लॉवेलची तिरपी मान, मार्जरीबाई म्हणतायत, असं एकटीनं नाही, समितीत मांडून. कुणीतरी कायद्याचं कलम सांगतंय. आणि हे सगळे कुठे बाहेर नव्हते. ते तिच्या आत, एका अरुंद बोळात, दिवे मालवून, खांद्याला खांदा लावून उभे होते. तिच्याकडे बघत होते, हात कधी वर जातो म्हणून.

‘चल’ म्हणायचं, एवढंच. ओफेलियानं बाईकडे बघितलं. घसा साफ केला. श्वास भरून घेतला, पोटापासून, जसा घ्यायला हवा तसा, आणि तोंड उघडलं. आणि आवाज निघाला तो खणखणीत, अचूक, कुठेही न थरथरता: घर आमचं लहान, जागा नाही कुणाला.

बाईला नवल वाटलं नाही. एव्हाना तिला चाल पाठ झाली होती. मूल उठू नये म्हणून हळू आवाजात, मान डोलावत, तिनं खालचा सूर धरला आणि गात गातच पुढच्या दाराकडे चालू लागली.